कुत्र्याच्या अंगावरची गाठ: आधी सुई, मग सुरी

चोपड्याकडच्या एका दादांनी विचारलं आहे. त्यांचा टायगर आठ वर्षांचा, लॅब्रेडॉर आणि गावठी यांच्या मिश्रणाचा. उजव्या बरगडीच्या मागे, कातडीत सुपारीएवढी गाठ आहे आणि ती दिसून चार महिने झाले. एका डॉक्टरांनी बोटांनी चाचपून ‘चरबीची आहे, राहू द्या’ म्हटलं. मध्येच गाठ लाल होऊन खाजायला लागली, तेव्हा दुसरीकडे एक इंजेक्शन आणि थोड्या गोळ्या दिल्या. आठवड्यात गाठ निम्मी झाली आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली. आता कोणी कापून टाका म्हणतं, तर घरातली मोठी माणसं म्हणतात की चाकू लागला की कॅन्सर पसरतो. घरातली दोन लहान मुलं टायगरला बिलगून झोपतात, त्यांचीही काळजी आहे. विचारायचं एवढंच: हा कॅन्सर आहे का, आणि ऑपरेशन करावं का?

मुलांचं आधी सांगतो, म्हणजे तेवढी चिंता आजच मिटेल. कुत्र्याच्या कातडीचा कॅन्सर माणसाला होत नाही. जवळ झोपल्याने नाही, चाटल्याने नाही, एका ताटलीला हात लागल्यानेही नाही. मुलांना त्याच्यापासून तोडू नका. फक्त ती गाठ त्यांनी दाबू नये, आणि त्याचं कारण टायगरच्या बाजूचं आहे, ते पुढे येईल.

आता मुख्य प्रश्न. ‘कॅन्सर आहे का’ याचं उत्तर फोटो बघून किंवा गाठ चाचपून मी देऊ शकत नाही, आणि दुसरं कोणीही देऊ शकत नाही. मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं कुत्र्यांवर उपचार करतो आहे, आणि अजूनही माझ्या बोटांवर तेवढा भरवसा ठेवत नाही. चरबीची गाठ मऊ असते, सरकते, दुखत नाही. पण कुत्र्यांच्या कातडीचा जो कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो, तो कधीकधी हाताला अगदी तशीच मऊ, सरकणारी, न दुखणारी गाठ होऊन येतो. तुमच्या टायगरच्या बाबतीत खरी अडचण ही आहे की चार महिन्यांत या गाठीतली एकही पेशी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली नाही. निदान झालंच नाही, तरी औषध देऊन झालं, आणि आता गोष्ट सुरीपर्यंत आली आहे.

तुम्ही लिहिलेल्या हकिगतीतली एक गोष्ट मात्र मला टोचते. इंजेक्शनने गाठ निम्मी झाली आणि परत वाढली. ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असावं, डेक्सामेथासोन किंवा तसलंच काही. डॉक्टरांना विचारून नाव लिहून घ्या. चरबीची गाठ स्टेरॉइडने आठवड्यात निम्मी होत नाही. ती एक दिवस लाल, दुसऱ्या दिवशी बसलेली, असंही करत नाही. असं वागणारी एक गाठ मला माहीत आहे, तिचं नाव मास्ट सेल ट्यूमर.

मास्ट पेशी या ॲलर्जीच्या कामाच्या पेशी. प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या कातडीत त्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन, हेपारिन अशा द्रव्यांचे बारीक दाणे भरलेले असतात. या पेशी बेसुमार वाढल्या की गाठ होते, आणि ती गाठ दाबली, खाजवली किंवा कुठे घासली गेली की दाणे बाहेर पडतात. मग आजूबाजूची कातडी सुजते, लाल होते, खाज सुटते. दोन दिवसांनी सूज उतरते आणि घरचे म्हणतात, बसली बघा. म्हणून मुलांनी ती दाबू नये, आणि तुम्हीही रोज चाचपून बघू नका. हेच द्रव्य रक्तातून पोटात गेलं तर जठरात आम्ल वाढतं, व्रण होतात. टायगर उलट्या करत असेल, जेवण सोडत असेल किंवा त्याची शी डांबरासारखी काळी होत असेल, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

स्टेरॉइड मास्ट पेशींना तात्पुरतं दाबून टाकतं, सूजही काढतं. म्हणून गाठ लहान दिसते. बरी झालेली नसते. शिवाय त्याच काळात तपासणीसाठी सुई लावली तर पेशी कमी मिळतात आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. कातडीतल्या लिम्फोमा या दुसऱ्या एका कॅन्सरचंही असंच होतं. म्हणून माझं सगळ्या पशुपालकांना कळकळीचं सांगणं असतं की ओळख न पटलेल्या गाठीवर स्टेरॉइड घेऊ नका. डॉक्टर चिडतील असं वाटू देऊ नका. सरळ म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, इंजेक्शनच्या आधी सुई लावून बघू या का?’

हे सगळं वाचून टायगरला मास्ट सेल ट्यूमरच आहे असं समजू नका. मी संशय सांगतो आहे, निदान नाही. गाठीत पू असेल, लहान गळू असेल, गोचीड चावल्या जागची जुनी सूज असेल, कुसळ आत शिरलं असेल, तरी ती इंजेक्शनने कमी होऊन पुन्हा येऊ शकते. कपाशीच्या रानात फिरणाऱ्या, बांधावरून पळणाऱ्या कुत्र्यांमध्ये कुसळाच्या गाठी मी खूप पाहतो. म्हणूनच सुई.

या तपासणीची भीती अनेकांना उगाच वाटते, म्हणून नीट सांगतो. नेहमीच्या इंजेक्शनची २२ किंवा २३ नंबरची सुई लागते. भूल लागत नाही, टाके लागत नाहीत. कुत्र्याला कोणी ओळखीच्या माणसाने धरायचं, सुई गाठीत घालून दोनतीन दिशांना हलकेच मागेपुढे करायची, मग सिरिंज लावून सुईतला थेंब काचेच्या पट्टीवर उडवायचा, पसरायचा आणि हवेत सुकू द्यायचा. मास्ट सेलचा संशय असेल तर मी सिरिंजने ओढत नाही, नुसत्या सुईत जेवढं येतं तेवढं पुरतं आणि गाठही कमी खवळते. दोनतीन पट्ट्या कराव्यात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम.

पुढचा प्रश्न येतो तो आपल्याकडे ती पट्टी कोण बघणार. इथे खानदेशात आपण समजतो तेवढे अडलेले नाही. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठल्याही तालुक्याच्या गावात माणसांचं रक्त तपासणारी लॅब असते आणि तिथे लिशमन नावाचा रंग असतो, रक्ताची पट्टी रंगवायला वापरतात तोच. मास्ट पेशींचे दाणे या रंगात जांभळे, ठळक दिसतात. उलट झटपट रंगवायचे जे तयार संच मिळतात त्यांत हे दाणे कधीकधी रंगतच नाहीत आणि पेशी ओळखू येत नाही. म्हणून मी जुन्या लिशमनवरच विसंबतो. तुमचे डॉक्टर स्वतः बघत नसतील तर रंगवलेली एक आणि न रंगवलेली एक अशा पट्ट्या पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टकडे कुरियरने जातात. एक खबरदारी मात्र पाळा. या पट्ट्या फॉर्मेलिनच्या, म्हणजे काढलेली गाठ टिकवायच्या द्रवाच्या, बाटलीबरोबर एकाच डब्यात कधीही पाठवू नयेत. फॉर्मेलिनच्या वाफेने पेशी खराब होतात, मग नीट रंगत नाहीत.

सुईतून काय निघालं यावर पुढची वाट ठरते. पट्टी तेलकट दिसली, सुकतच नाही आणि खाली नुसती चरबी दिसली, तर ती बहुधा चरबीची गाठ. टायगरच्या वयाच्या लॅब्रेडॉरला ती खूप होते आणि चालण्याफिरण्यात अडत नसेल तर तिला हात लावायची गरज नसते. पण तुमच्या गाठीची हकिगत बघता, नुसती चरबी निघाली तरी मी दुसऱ्या जागेतून पुन्हा एकदा सुई लावायला सांगेन, कारण कातडीखालच्या चरबीतही मास्ट सेल ट्यूमर वाढतो आणि सुई शेजारच्या चरबीत जाऊ शकते. पू निघाला तर उपचार वेगळा, सोपा. पेशीच मिळाल्या नाहीत किंवा ओळख पटली नाही, तर गाठीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात. आणि मास्ट पेशींचे थवे दिसले, तर मात्र ऑपरेशन, तेही नीट बेत आखून.

‘चाकू लागला की पसरतो’ ही समजूत मी गावोगाव ऐकतो, आणि ती अगदी हवेतून आलेली नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं की गाठ कापली, वर्षभरात तिथेच दुप्पट मोठी आली, कुत्रं गेलं. पण ते चाकूमुळे झालेलं नसतं. बहुतेक वेळा गाठ तिच्या कडेकडेने, जेवढी दिसते तेवढीच काढलेली असते. कॅन्सरच्या गाठीला मुळ्यांसारख्या बारीक फांद्या असतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि मागे राहतात. काढलेली गाठ तपासायलाही पाठवलेली नसते, त्यामुळे काय मागे राहिलं ते कोणालाच कळत नाही. कधी रोग आधीच लसिका ग्रंथींत (काखेत, जांघेत हाताला लागतात त्या) गेलेला असतो. सुईबद्दलही हीच भीती विचारतात. मूत्राशयाच्या एका कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेने पेशी पसरू शकतात, म्हणून तिथे आम्ही सुई टाळतो. कातडीच्या गाठीत ही भीती धरून तपासणी सोडू नये. न तपासता वाट बघण्यात कितीतरी जास्त नुकसान होतं.

पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी असते, हे मी प्रत्येकाला पुन्हापुन्हा सांगतो. पहिल्या वेळी कातडीचे थर जिथल्या तिथे असतात, कुठवर जायचं ते कळतं. एकदा अर्धवट कापून जखम भरली की आत सगळं चिकटतं, मागे राहिलेल्या पेशी त्या चिकटलेल्या भागात विखुरलेल्या असतात, आणि दुसऱ्या वेळी खूप जास्त कापावं लागतं. पायावर किंवा चेहऱ्यावर तर तेवढी कातडीच नसते. म्हणून सुई आधी. गाठ कसली ते माहीत असेल तरच किती रुंद कापायचं ते ठरवता येतं.

मास्ट सेल ट्यूमरला चारही बाजूंनी २ सेंटीमीटर निरोगी कातडी आणि खाली स्नायूवरचा एक पूर्ण पडदा घेऊन काढतात. संशय जास्त वाईट असेल तर ३ सेंटीमीटर. तुमच्या सुपारीएवढ्या गाठीचा हिशोब करा: गाठ सुमारे २ सेंटीमीटर, दोन्हीकडून २-२, म्हणजे ६ सेंटीमीटर रुंदीचा तुकडा. तो नीट मिटावा म्हणून काप लांबट घ्यावा लागतो आणि टाक्यांची ओळ जवळजवळ वीतभर होते. घरचे ते बघून हादरतात, एवढ्याशा गाठीला एवढं का फाडलं म्हणून डॉक्टरांवर रागावतात. रागावू नका, तुमच्या कुत्र्यासाठी तेच योग्य आहे. बरगडीमागे कातडी सैल असते ही टायगरची जमेची बाजू, तिथे एवढा काप सहज मिटतो.

ऑपरेशनपूर्वी जवळच्या ग्रंथी चाचपायच्या आणि हाताला लागत असतील तर त्यांनाही सुई लावायची. मास्ट सेल ट्यूमर आधी ग्रंथींत, मग यकृत आणि प्लीहेत जातो, फुप्फुसात फारसा जात नाही. म्हणून त्याच्यासाठी पोटाची सोनोग्राफी छातीच्या एक्स-रेपेक्षा उपयोगी. इतर काही कॅन्सरमध्ये हे उलट असतं. रक्ताची तपासणी तर हवीच आणि आपल्या भागात तिच्यात एक गोष्ट आवर्जून बघावी लागते, ती म्हणजे प्लेटलेट. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा ताप आपल्याकडच्या कुत्र्यांत सर्रास असतो. वरून कुत्रं ठणठणीत दिसतं आणि प्लेटलेट खाली गेलेल्या असतात. त्यात मास्ट पेशींतलं हेपारिन रक्त पातळ करतं. दोन्ही एकत्र आलं तर टेबलावर रक्त थांबत नाही. प्लेटलेट कमी असतील तर आधी गोचीड-तापाचा उपचार करायचा, मग ऑपरेशन. तो थोडा उशीर परवडतो. भूल देण्याआधी ॲलर्जीविरोधी आणि आम्ल कमी करणारं औषध देतात, कारण गाठ हाताळताना हिस्टामिन एकदम सुटून रक्तदाब कोसळू शकतो. तुमचे डॉक्टर हे करणारच, तरी आधी विचारून घ्यायला हरकत नाही. ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये करायची वेळ आली तर पहाटेची वेळ मागा. भुसावळ-जळगावकडच्या ४५ अंशांत भुलीतून उठणारं कुत्रं धापा टाकत राहतं. आणि पावसाळ्यात करायचं झालं तर टाके निघेपर्यंत त्याला घरातच ठेवा, माशी बसू देऊ नका.

काढलेली गाठ टाकून द्यायची नाही. हे मी सगळ्यांत जोर देऊन सांगतो, कारण नेमकं इथेच पैसे वाचवले जातात. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. तिच्यात १० टक्के फॉर्मेलिन, गाठीच्या दहापट. अरुंद तोंडाच्या बाटलीत ताजी गाठ कोंबून घालता येते, पण फॉर्मेलिनने कडक झाल्यावर निघत नाही. गाठ मोठी असेल तर तिला एकदोन चिरा द्यायच्या, नाहीतर फॉर्मेलिन मध्यापर्यंत पोचायच्या आत आतला भाग कुजतो. स्पिरिट चालत नाही, मिठाचं पाणी चालत नाही, फ्रीजरमध्ये गोठवूनही चालत नाही. कुठली कड डोक्याकडची हे कळायला डॉक्टरांनी एका टोकाला टाका मारून ठेवावा आणि चिठ्ठीत तसं लिहावं. पुढे कड साफ नाही, म्हणजे तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरपेशी आहेत, असं आलं तर कुठल्या बाजूला परत जायचं ते त्या टाक्यावरून कळतं.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधायच्या, दर्जा आणि कडा. दर्जा म्हणजे गाठ किती आक्रमक आहे. पूर्वी तीन पायऱ्यांत सांगत, १९८४ सालची ती पद्धत अजून काही रिपोर्टांत दिसते. २०११ पासून कमी दर्जा आणि उच्च दर्जा अशी दोनच गटांची सोपी पद्धत आली. ज्या अभ्यासातून ती आली त्यात उच्च दर्जाच्या गाठी असलेली निम्मी कुत्री चार महिन्यांच्या आतच गेली, तर कमी दर्जाच्या गाठींत निम्मी कुत्री दोन वर्षांपेक्षा जास्त जगली. एवढा फरक एकाच नावाच्या रोगात आहे. म्हणून नुसतं ‘मास्ट सेल’ ऐकून हातपाय गाळू नका. कमी दर्जाची गाठ, कडा साफ, ग्रंथी साफ, असा रिपोर्ट आला तर बहुतेक कुत्री बरी होतात आणि पुढे काही औषध लागत नाही. मात्र काही कुत्र्यांना पुढे दुसऱ्या जागी नवी गाठ येते, म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या अंगावरून हात फिरवून बघायची सवय ठेवायची.

कडा साफ नसतील तर पुन्हा रुंद कापणं हा पहिला पर्याय. किरणोपचार उपयोगी पडतो, पण कुत्र्यांसाठी तो आपल्या भागातून सहज मिळण्यासारखा नाही. उच्च दर्जा असेल किंवा ग्रंथींत गेलं असेल तर ऑपरेशननंतर विनब्लास्टिन या केमोथेरपीच्या औषधाची इंजेक्शनं आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. स्टेरॉइडला इथे जागा आहे, निदान झाल्यावर आणि हिशोबाने. इंटरनेटवर शोधाल तर टोसेरॅनिब हे नाव दिसेल. २००९ साली अमेरिकेत मान्य झालेलं ते खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठीचं पहिलं औषध. गाठीत थेट टोचायचं टिगिलॅनॉल २०२० साली युरोप-अमेरिकेत मान्य झालं. त्या दोन्हींच्या मागे धावून वेळ घालवू नका, आपल्याकडे ऑपरेशन आणि विनब्लास्टिन हाच हाताशी असलेला मार्ग आहे आणि तो चांगला मार्ग आहे. केमोथेरपी म्हटलं की माणसाचं गळलेलं डोकं डोळ्यांसमोर येतं. कुत्र्यांत मात्रा कमी ठेवतात, बहुतेकांचे केस जात नाहीत, आणि हेतू एवढाच असतो की त्याने खावं, फिरावं, दारात बसावं.

आता टायगरच्या पलीकडचं थोडं, कारण आपल्या भागात कातडीचे आणखी काही कॅन्सर दिसतात आणि ते वेगळ्या वेषात येतात.

पांढऱ्या, आखूड केसांच्या, गुलाबी पोटाच्या कुत्र्यांना उन्हाने होणारा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. गच्चीवर, खळ्यात उताणं पडून ऊन खाणारी कुत्री यात सापडतात. सुरुवातीला पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला लाल, खरखरीत, खपल्या धरणारे डाग दिसतात आणि सगळे त्याला खरूज किंवा बुरशी समजून मलम लावत राहतात. खरूज असेल तर उपचाराने दोनतीन महिन्यांत बरी व्हायला हवी. नाही झाली आणि कातडी जाड होत चालली तर तुकडा तपासा. त्या पायरीवर पकडलं तर सावली आणि छोटं ऑपरेशन यावर भागतं. अशा कुत्र्याला सकाळी दहा ते चार सावलीत ठेवा. माणसांचं झिंक ऑक्साइडचं क्रीम लावू नका, ते चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते.

काळ्या, मोठ्या कुत्र्यांत एकाच बोटाचं सुजणं. नख हललं, पडलं, बोट जाड झालं, लंगडतं आहे. काटा गेला असेल म्हणून अँटिबायोटिक देतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा सुजतं. एकाच बोटाला दोनदा असं झालं तर पंजाचा एक्स-रे काढा. हाड खाल्लेलं दिसलं तर नखाच्या मुळाशी कॅन्सर असण्याची शक्यता मोठी, आणि ते बोट काढलं तर कुत्रं तीन बोटांवर मजेत पळतं.

एकाच जागच्या जखमेत वारंवार किडे पडणं. पावसाळ्यात टर्पेंटाइन टाकून किडे काढतात, जखम भरल्यासारखी वाटते, महिन्याने पुन्हा तिथेच. किडे हे वरचं लक्षण असू शकतं, खाली चिघळलेली गाठ असू शकते. टर्पेंटाइनही टाकू नका, त्याने निरोगी मांस भाजतं.

आणि रानात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावरची, कधी नाकातली, फुलकोबीसारखी रक्त गळणारी गाठ. ही संसर्गाने पसरणारी गाठ आहे, मिलनातून आणि हुंगण्या-चाटण्यातून एका कुत्र्याच्या जिवंत कॅन्सरपेशी दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. दिसायला सर्वांत भयंकर, पण बरी होण्यात सर्वांत पुढे. विनक्रिस्टिनची आठवड्याला एक अशी चार ते सहा इंजेक्शनं, तीही शिरेतूनच, कारण बाहेर सांडलं तर मांस सडतं. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. ही गाठ बघून कुत्र्याला दूर सोडून येणारे लोक मला भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण उपचार जिल्ह्यातच मिळतो.

उलट, तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या कानावर, डोक्यावर, पायावर बटणासारखी लाल गोल गाठ आली तर ती बरेचदा हिस्टिओसायटोमा असते. सुईने खात्री करून दोनतीन महिने थांबलं तर आपोआप जाते. तिथेही स्टेरॉइड नको, त्याने ती जायला उशीर होतो.

बिब्बा, चुना, तापवलेल्या सळईचा डाग, घोड्याच्या केसाने गाठ आवळणं, हे सगळं आपल्याकडे अजून चालतं. दादा, यातलं काहीही करू नका. वरचा भाग जळतो, मूळ आत राहतं, आणि जिथे मला साफ कड हवी असते तिथे भाजलेली, चिघळलेली कातडी उरते. मास्ट सेल ट्यूमरवर बिब्बा म्हणजे तर हिस्टामिनचा स्फोटच.

हे सगळं कुठे करायचं? सुई आणि पट्टी तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खाजगी डॉक्टरांकडे होईल. ऑपरेशनसाठी जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा शहरातले अनुभवी डॉक्टर. गाठ अवघड जागी असेल किंवा उच्च दर्जाची निघाली तर मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचं, आणि भुसावळहून थेट रेल्वेच्या वाटेवर अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. खर्चाचं मी इथून सांगू शकत नाही, तो गाठीच्या जागेवर, भुलीवर आणि पुढच्या औषधांवर ठरतो. एवढं नक्की की सुई ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त पायरी आहे. आणि पैसे मोजकेच असतील तर मी ते सुई, एक नीट ऑपरेशन आणि त्याचा रिपोर्ट यांवर घालायला सांगेन, महिनोन्‌महिने मलमं आणि इंजेक्शनांवर नाही. ऑपरेशन झेपणारच नसेल, पैशाने किंवा कुत्र्याच्या तब्येतीने, तरी निदान करून घ्या. प्रेडनिसोलोन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर मास्ट सेलची कुत्री काही काळ आरामात राहतात, आणि ते ठरवून करण्यात काही कमीपणा नाही.

टायगरसाठी या आठवड्यात करायचं ते असं. गाठीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा. दिलेल्या इंजेक्शनचं आणि गोळ्यांचं नाव मिळवा. स्टेरॉइडच्या गोळ्या अजून रोज चालू असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. एक इंजेक्शन होऊन आता महिना उलटला असेल तर थांबायचं काही कारण नाही, लगेच सुई लावून घ्या आणि लॅबच्या चिठ्ठीवर स्टेरॉइड दिलं होतं हे लिहायला सांगा. डोकेदुखी-अंगदुखीची माणसांची कुठलीही गोळी त्याला देऊ नका, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर मुळीच नाही. जठर आधीच नाजूक असेल तर त्या गोळीने रक्तस्राव होईल. रिपोर्ट आला की त्यातली ओळ जशीच्या तशी मला पाठवा, पेशींचं नाव, दर्जा लिहिला असेल तर दर्जा, ग्रंथीचं काय म्हटलं आहे ते. नुसतं ‘कॅन्सर आहे म्हणाले’ एवढ्यावरून पुढचं काही सांगता येणार नाही, त्या ओळीवरून येईल.